वर साय, खाली तळं

कोल्हापुरात मला राहायला खोली मिळाली ती दोन पांढऱ्या चिंध्यांच्या जोरावर.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. गारगोटीहून नुकताच आलो होतो, एका हायस्कुलात गणित शिकवायला. शाळा सुटली की खोली शोधत फिरायचं. दारात उभं राहिलं की पहिला प्रश्न नाव, दुसरा गाव, तिसरा आडनाव. आडनाव सांगितलं की खोली कालच कुणाला तरी दिलेली असायची. शेवटी शाळेतल्या एका सहकाऱ्यानं सांगितलं की राजारामपुरीच्या मागच्या अंगाला एक निवृत्त चित्रकलेच्या बाई एकट्या राहतात, त्यांची मागची खोली रिकामी आहे. "पण बाई जरा तऱ्हेवाईक हायत," तो म्हणाला. "भाडेकरू टिकत न्हाईत."

गेलो तेव्हा बाई अंगणात खुर्ची टाकून बसल्या होत्या. पांढरी सुती साडी, पायांत करकर वाजणाऱ्या पुरुषी चपला, मांडीवर कापडी पिशवी.

"खोली बघायला आलोय," मी म्हणालो.

"खोली पळून जात न्हाई. आधी हे बघा." त्यांनी पिशवीतून दोन चिंध्या काढून माझ्या हातात दिल्या. "यातली पिवळी कुठली?"

दोन्ही पांढऱ्याच होत्या. मी उन्हाकडे धरून पाहिल्या. डाव्या हातातल्या चिंधीला अगदी किंचित झाक होती.

"ही."

"किती पिवळी?"

असा प्रश्न आयुष्यात कुणी विचारला नव्हता. "दुधात हळदीचं बोट बुडवून लगेच काढलं तर होईल तेवढी," मी म्हणालो.

"राहा," बाई म्हणाल्या. "नाव मागनं सांगा."

आडनाव मी आपणहूनच सांगितलं, ट्रंक घेऊन आलो त्या दिवशी. नंतर कळून पुन्हा शोधाशोध नको होती. बाईंनी ऐकून घेतलं. "बरं," त्या म्हणाल्या. "नळाला पाणी सकाळीच येतं. आमच्यात कांदा-लसूण चालत न्हाई. तुमच्या खोलीत तुमाला काय शिजवायचं ते शिजवा, पण खिडकी मागची उघडायची, पुढची न्हाई." आडनावाचा विषय तिथं संपला, तो पुन्हा कधी निघाला नाही.

चिंध्या कशासाठी होत्या ते दुसऱ्या दिवशी कळलं. घराच्या बाजूला पत्र्याच्या शेडखाली एक जुनी अमेरिकन पिकअप उभी होती. पुढं बसायची केबिन, मागं उघडा हौदा, फुगीर मडगार्डं, आणि सगळ्या अंगावर मळका लाल रंग. जयसिंगपुरात बाईंच्या वडिलांचा तंबाखूचा व्यापार होता. बाई शाळकरी असताना त्यांनी ती मुंबईहून आणलेली. आली तेव्हा ती दोन रंगांची होती. वरचा टप आणि खिडक्यांभोवतीचा भाग एका रंगाचा, खालचं सगळं दुसऱ्या. बाईंना ती पुन्हा तशी करायची होती. नुसती दोन रंगांची नव्हे. कारखान्यातून आली होती तशी, त्याच रंगांची, त्याच रेघेवर तुटणारी. त्यासाठी रंगातला बारीक फरक ओळखणारं कुणीतरी त्यांना घरात हवं होतं.

इंजिन उद्यमनगरातून नीट करून आणलं होतं आणि गाडी चालतही होती. पण त्याचं बाईंना कौतुक नव्हतं. "इंजिन काय, कुणाचंबी बसतंय," त्या म्हणायच्या. "कातडं आपलं पायजे."

बाईंच्या बोलण्यात लाल, हिरवा, निळा असले शब्द नसायचे. एवढी वर्षं पोरींना रंग शिकवून त्यांना त्या नावांचा कंटाळा आला होता. गाडीच्या वरच्या रंगाला त्या 'साय' म्हणायच्या आणि खालच्याला 'तळं'. तळं म्हणजे कुठलंही नव्हे, पावसाळा सरल्यावर पाणी निवळतं तेव्हाचं. माझ्या एका शर्टाला त्या 'ओल्या पोत्याचा शर्ट' म्हणायच्या. तो मी पुढं घालायचा सोडला. मंडईत वांगी घेताना त्या वांगं उन्हात धरून फिरवायच्या. "ह्यो जांभळा खरा न्हाई, ह्याला पाणी मारलंय," असं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं सांगायच्या. भाजीवाली म्हणायची, "बाई, वांगं खायचं हाय का साडी करायची हाय?"

कोल्हापूरकडच्या बायका बोलताना 'मी आलो, मी गेलो' म्हणतात, तसं बाईही म्हणायच्या. गाडी घेऊन निघाल्या की खिडकीतून ओरडायच्या, "मास्तर, मी निघालो, दार लावून घ्या!" चौकातल्या पोलिसाला त्या 'पावणं' म्हणायच्या. "पावणं, हात खाली करा की, गाडी बंद पडंल." आणि तो हात खाली करायचा.

दिवस मावळायच्या आत जेवायचं हा त्यांच्या घरचा जैन नियम. त्याला बाईंनी स्वतःचा एक नियम जोडला होता. रंगाबद्दल दुपारी चारनंतर एक शब्द बोलायचा नाही. उतरतं ऊन पिवळं असतं, त्यात सगळंच चांगलं दिसतं. आणि दिव्याखाली तर मुळीच नाही. "दिवा खोटं बोलतो," त्या म्हणायच्या. एकदा त्यांची जुनी विद्यार्थिनी लग्नाचा शालू दाखवायला संध्याकाळी आली. बाईंनी तिला चहा दिला, गप्पा मारल्या, आणि शालू न बघताच परत पाठवली. "उद्या अकराला ये." ती बिचारी दुसऱ्या दिवशी खरंच आली.

बाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. मीही ती खोली सोडून, लग्न करून, दुसरीकडं घर बांधून मोकळा झालो. तरी अजून कुठला रंग विकत घ्यायचा झाला तर मी दुकानाच्या बाहेर येऊन उन्हात बघतो. बायको आधी हसायची. आता तीच म्हणते, "बाहेर नेऊन बघा."

गाडी रंगवायचं काम दस्तगीर पेंटरकडं होतं. दस्तगीर ट्रक रंगवणारा. उसाच्या आणि वाळूच्या ट्रकांवर गरुड, कमळं, मोर काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. मोकळा पत्रा दिसला की त्याच्या हाताला खाज सुटायची. बाईंनी त्याला पहिल्याच दिवशी बजावलं, "फूल काढलंस तर तुझ्याच अंगावर काढीन."

"एक बारीक पट्टी तरी मारू द्या बाई," तो म्हणाला. "दोन रंग जुळत्यात तिथं. चंदेरी मारतो. सांधा झाकतोय."

"कंपनीनं मारली होती?"

"कंपनीला कुठं कला कळत्या?"

"दोन रंग भेटत्यात तिथं मध्यस्थ कशाला रे? त्यांचं ते बघून घेतील."

पट्टी मारायची नाही म्हटल्यावर रेघ सुईसारखी साफ यायला हवी. त्यावरून दोघांचं रीतसर भांडण झालं. दस्तगीरचं म्हणणं, खालचा भाग मोठा, तो आधी मारू. बाईंचं म्हणणं, कंपनीनं साय आधी मारली होती आणि त्यावर कागद चिकटवून खाली तळं मारलं होतं. पुरावा काय? बाईंनी त्याला दाराच्या फटीशी नेलं. तिथं जुना मूळ रंग थोडा शिल्लक होता. "नख फिरव वरनं खाली." दस्तगीरनं नख फिरवलं. बारीकशी पायरी लागली, आणि खालचा रंग वर होता. दस्तगीरनं मान डोलावली आणि पुढं पंधरवडाभर येईल त्याला ती पायरी दाखवली, जणू ती त्यानंच शोधली होती.

पण रंग चढवायच्या आधी जुने उतरवायचे होते. पॉलिशपेपर लावून, पाणी मारत, दस्तगीरची माणसं दारं घासत होती. मी रविवारी उगाच बघत उभा राहायचो. एका जागी खोल घासलं तर झाडाच्या खोडावर दिसतात तशी कडी दिसली. बाहेर लाल. तो निवडणुकीत कुणीतरी गाडी मागून नेली तेव्हाचा. त्याच्या आत हिरवा, बाईंच्या धाकट्या भावानं दिलेला. आत तपकिरी, जाडजूड, घाईघाईनं ब्रशनं फासल्यासारखा. आणि सगळ्यात आत, बोटाच्या पेराएवढं, तळं.

"हा तपकिरी कुणी दिला?" मी विचारलं. "किती वाईट मारलाय."

"आप्पांनी," बाई म्हणाल्या. वडिलांना त्या आप्पा म्हणत. "एका दुपारात मारून घेतला."

त्यांनी ते अगदी सरळ सांगितलं. आवाज चढला नाही की उतरला नाही. गाडी चालवायला त्या आप्पांच्या ड्रायव्हरकडूनच शिकल्या होत्या. अठरा-एकोणीस वर्षांच्या असताना तंबाखूची पोती घेऊन सांगलीपर्यंत जायच्या. आप्पांना त्याचं काही वाटत नव्हतं. उलट माल वेळेवर पोचायचा. पण त्या भागात अशी दोन रंगी गाडी दुसरी नव्हती. लांबून नुसता टप दिसला तरी लोकांना कळायचं की कोण येतंय. पारावरचे लोक उठून उभे राहायचे, बघायला. मग बाईंचं लग्न ठरत आलं. मुलाकडची माणसं बघून गेली, पसंती आली, आणि मागाहून निरोप आला की ती दोन रंगी गाडी पळवणारी मुलगी हीच काय, तेवढं कळवा.

"मग?"

"मग आप्पांनी गाडी तपकिरी केली. कुणी ओळखू नये म्हणून. किल्ली तात्याला दिली. तात्यानं पहिल्या आठवड्यात ती उसाच्या फडात घातली." तात्या म्हणजे धाकटा भाऊ. "लग्न काय झालं न्हाई ते न्हाईच. मग मी म्हटलं, मला कोल्हापूरला चित्रकला शिकायला पाठवा. पाठवलं."

दस्तगीरची माणसं घासायची थांबली होती. बाई त्यांच्यावर खेकसल्या, "काय बघताय? घासा!" मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "लोक म्हणत्यात, आप्पांची आठवण म्हणून मी हे करतो. आठवण बिठवण काय न्हाई. गाडीला चुकीचा रंग दिलाय, तो काढायचा."

वडील वारल्यावर गाडी जयसिंगपूरच्या गोदामात नुसती उभी होती. तात्या ती भंगारात घालणार हे कळल्यावर बाईंनी स्वतः जाऊन, दोरखंड लावून, दुसऱ्या ट्रकमागून ओढत ती कोल्हापूरला आणली. तात्या म्हणाले होते, "आक्का, ह्या पत्र्यात काय हाय?" बाई दोरखंडाची गाठ आवळत राहिल्या होत्या.

तळ्याचा रंग लवकर जमला. सायीनं घोळ घातला.

मूळ साय दाराच्या फटीत आणि सीटच्या मागं थोडी उरली होती, पण ती अंधारात राहून पिवळी पडली होती. तेलाचा रंग अंधारात पिवळतो, हे बाईंनीच आम्हाला सांगितलं आणि ते खरंही होतं. म्हणजे जुळवायचं ते त्या उरलेल्या सायीशी नव्हे, बाईंच्या डोक्यात असलेल्या रंगाशी. दस्तगीर पत्र्याच्या तुकड्यावर नमुना काढून आणायचा, बाई उन्हात धरायच्या आणि म्हणायच्या, "पिवळा." तो निळ्याचा एक थेंब टाकून पुन्हा आणायचा. "अजून पिवळा." भिंतीला टेकून नमुन्यांची रांग लागली. मी शाळेतून येता-जाता बघत होतो. मध्येच कुठंतरी खरी साय येऊन गेली होती. त्यापुढचे सगळे नमुने निळसर होत चालले होते.

एका दुपारी बाईंनी मला हाक मारली. "मास्तर, ह्यो बघा. ह्यो जवळ आला."

"बाई, हा निळा झालाय," मी म्हणालो. "धोतराला नीळ जास्त झाल्यावर दिसतं तसा. साय मागंच राहिली. तो तिसरा तुकडा बघा."

"तो? तो हळदीचा हाय."

"नाही बाई."

"मी जन्मभर रंग शिकवले. तुमी बेरीज-वजाबाकी शिकवा."

"तुम्ही मला खोली दिली ती ह्याच डोळ्यांसाठी."

"दिलेली खोली काढून घेता येते," बाई म्हणाल्या.

तिथं थांबायला हवं होतं, पण मलाही राग आला होता. काही महिने मी बघत होतो. त्या धोब्यावर ओरडायच्या की साड्या पिवळ्या पडल्यात. दूधवाल्याला म्हणायच्या, दुधात काय मिसळतोस? पेपर नाकाला लावून वाचायच्या. मी ते सगळं बोलून टाकलं आणि म्हणालो, "साड्या पांढऱ्या आहेत. दूधही पांढरं आहे. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. डॉक्टरला दाखवा."

दस्तगीरनं हातातला डबा हळूच खाली ठेवला. बाई काही वेळ माझ्याकडं बघत राहिल्या. गणित चुकलेल्या पोरानं फळ्याकडं बघावं तसं. मग त्या दस्तगीरकडं वळल्या. "हाच रंग मारायचा. आणि मास्तर, तुमी दुसरी खोली बघा."

टप तसाच रंगवला गेला. खालचं तळं असं उतरलं होतं की हात लावायला भीती वाटावी, रेघही सुईसारखी साफ आली होती, आणि वर तो नीळ घातलेला पांढरा. ज्यांनी मूळ गाडी पाहिली नव्हती ते सगळे वा वा म्हणाले. बाई खूश होत्या. मी पुन्हा संध्याकाळी खोल्या बघत फिरू लागलो. पुन्हा नाव, गाव, आडनाव. बाईंनी मला कधी जायचं ते विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही. एक दिवस येताना दाराशीच त्या म्हणाल्या, "खोली मिळाली?"

"नाही."

"का?"

"का ते तुम्हाला माहीत आहे."

"मग फिरू नका," त्या म्हणाल्या. "चपला झिजत्यात." तेवढंच. पण मोतीबिंदूचं नाव त्यांनी काढलं नाही.

पुढच्या महिन्यात त्या मला गाडीतून जोतिबाला घेऊन गेल्या. देवासाठी नव्हे. डोंगरावर ऊन स्वच्छ असतं, तिथं गाडी नीट दिसेल म्हणून. वर पोचल्यावर त्यांनी गाडीभोवती फेऱ्या मारल्या, लांबून पाहिलं, जवळून पाहिलं. गुलालात माखलेली माणसं गाडीला हात लावायला आली की त्यांना हाकलत राहिल्या. निघायला उशीर झाला. घाट उतरताना ऊन समोरून डोळ्यांवर येत होतं. एका वळणावर शेळ्यांचा कळप रस्ता ओलांडत होता. मला वाटलं बाईंनी बघितलं असेल. गाडी हळू होईना. मी जोरात ओरडलो, "बाई, शेळ्या!"

ब्रेक करकचून लागला. मी काचेवर आदळता आदळता राहिलो. गाडी थांबली तेव्हा पहिली शेळी बंपरच्या पुढ्यात उभी राहून आमच्याकडं बघत होती. पलीकडून धनगर शिव्या देत धावत आला. कुणालाही काही झालं नव्हतं.

बाईंनी इंजिन बंद केलं. दोन्ही हात चाकावरच होते. "मास्तर," त्या म्हणाल्या, "मला शेळ्या दिसल्या न्हाईत. नुसतं पिवळं दिसलं."

मी काचेला टेकलेले हात मागं घेतले.

"तुमाला गाडी येते?"

"नाही."

"मग बसा. ऊन खाली जाऊ दे."

आम्ही गाडी कडेला लावून बसून राहिलो. धनगरही बिडी ओढत शेजारी टेकला, त्याचा राग गेला होता. "कुठलं पावणं?" त्यानं विचारलं. बाई म्हणाल्या, "आंधळ्याच्या गावचं." दिवस डोंगराआड गेला, उजेड थंड झाला, तेव्हा कुठं आम्ही माणूस चालेल त्या गतीनं खाली उतरलो. दिवस मावळल्यामुळं बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारावर थाप पडली. बाई चपला घालून तयार होत्या. "शाळेत निरोप धाडा, उशिरा येतो म्हणून. डोळ्याच्या डॉक्टरकडं जाऊया."

डॉक्टरांनी एका डोळ्याचं ऑपरेशन आधी करायचं ठरवलं. ते नीट पार पडलं. पट्टी निघाली त्या दिवशी मी त्यांना रिक्षातून घरी आणलं. काळा चष्मा दिला होता, तो घालायची सक्त ताकीद होती. बाईंनी फाटकाशी रिक्षा थांबवली, उतरल्या आणि चष्मा काढला.

सकाळचे अकरा वाजले असतील. गाडी उन्हात उभी होती. बाईंनी एक डोळा हातानं झाकला. मग तो उघडून दुसरा झाकला. मग पुन्हा पहिला. असं बराच वेळ चाललं. रिक्षावाला मीटर चालू ठेवून तोंड उघडं टाकून बघत होता.

"ह्या डोळ्यानं साय," बाई म्हणाल्या. मग हात बदलला. "आणि ह्या डोळ्यानं नीळ." आणि त्या हसायला लागल्या. मी त्यांना एवढं मोठ्यानं हसताना कधी पाहिलं नव्हतं. हसता हसता डोळ्याला पाणी आलं तशी मी घाबरून म्हणालो, "बाई, चष्मा घाला, टाके आहेत." त्यांनी चष्मा घातला, पदरानं गाल पुसला. मग हसणं थांबलं आणि त्या नुसत्या उभ्या राहिल्या. गेली काही वर्षं आपल्याला जग कसं दिसत होतं, ते त्या मनातल्या मनात मागं जाऊन तपासत असाव्यात, असं मला वाटलं.

घरात गेल्यावर त्यांनी भिंतीवरची आपली चित्रं पाहिली. अलीकडची सगळी निळी पडली होती. झाडं निळी, माणसं निळी. मी म्हणालो, "काढून ठेवू का?"

"ऱ्हाऊ द्यात. चित्र माझं. मला दिसलं तसं मी काढलं. गाडीचं तसं न्हाई. गाडी कंपनीची हाय."

डॉक्टरांनी फिरायची परवानगी दिल्याबरोबर त्या मला घेऊन दस्तगीरकडं गेल्या. त्याच्या शेडमध्ये सहा-सात माणसं काम करत होती, एक ट्रकमालकही बसला होता. बाई सगळ्यांच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि वर्गात बोलतात तशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "दस्तगीर, रंग तुझा बरोबर होता. डोळा माझा चुकीचा होता. टप परत घासायचा."

दस्तगीर लाजला. "मला ठावं हुतं बाई."

"मग बोलला का न्हाईस?"

"मास्तर बोललं, त्यास्नी खोली सोडा म्हनलात. मी काय सोडू?"

शेडमधली माणसं हसली. बाईही हसल्या. मग माझ्याकडं वळून, त्याच आवाजात, सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मास्तर, तुमालाबी तेच. खोली तुमची." शाळेत मी कधी कुठल्या शिक्षकानं आपली चूक अशी उभं राहून सांगितलेली ऐकली नव्हती.

टप पुन्हा घासला, पुन्हा रंगवला, आणि साय खाली राहावी म्हणून रेघेलगतचं तळंही त्यावर पुन्हा मारलं. कागद काढताना दस्तगीरनं कुणाला बोलू दिलं नाही. तो चिकटपट्टी सालासारखी हलक्या हातानं ओढत गेला, आणि खालून रेघ निघाली. एका बाजूला साय, एका बाजूला तळं, मध्ये काही नाही. बाईंनी जवळ जाऊन नख फिरवलं. मग चपला करकरवत लांब गेल्या आणि तिथूनच म्हणाल्या, "झालं." दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन तोवर उरकलं होतं. बाईंना आता फाटकावरचा मुंगळाही दिसत होता, आणि त्याचं वर्णन आम्हाला ऐकावं लागत होतं.

डॉक्टरांनी गाडी चालवायला हरकत नाही म्हटल्यावर पहिल्या रविवारी त्या म्हणाल्या, "चला, जयसिंगपूरला जाऊन येऊ." मी शेजारी बसलो. रस्त्यानं माणसं वळून बघत होती. बाई सरळ समोर बघून चालवत होत्या, पण गावात शिरल्यावर गाडी त्यांनी मुद्दाम हळू घेतली, बाजारपेठेच्या मधल्या रस्त्यानं, हॉर्न वाजवत. दुकानांच्या पायऱ्यांवरची तरुण पोरं टाळ्या वाजवत होती. ओळखणारं कुणी उरलं असेल असं मला वाटलं नाही. मग एका चहाच्या टपरीवरचा म्हातारा काठी टेकून उठला आणि गाडी पुढं जाईपर्यंत उभाच राहिला. बाईंनी त्याच्याकडं बघितलं नाही. पण त्यांचे कान लाल झालेले मला दिसले.

तात्यांचं दुकान खाली आणि घर वर. तात्या आता साठीला आलेले, डोक्यावर पांढरी टोपी. ते पायरी उतरून आले आणि गाडीभोवती एक चक्कर मारून आले.

"आक्का, ही तीच?"

"तीच."

त्यांनी दारावर हात ठेवला. म्हणाले, "आप्पांनी बघितली असती तर..."

"तर परत तपकिरी केली असती," बाई म्हणाल्या.

तात्यांनी दारावरचा हात काढला. एवढ्यात त्यांची बायको पाण्याचा तांब्या घेऊन खाली आली. पद्माबाई त्यांचं नाव. त्या सून म्हणून घरात आल्या तेव्हा गाडी हिरवी होती. लग्नाकार्याला, शेतावर, सगळीकडं त्या ह्याच गाडीतून गेल्या होत्या, पण मागं हौद्यात, पोत्यांवर बसून, डोक्यावरचा पदर दातांत धरून. पुढं पुरुष बसायचे. हे त्यांनीच मला बोलता बोलता सांगितलं, बाई पाणी पीत असताना.

"वन्सं," त्यांनी नणंदेला विचारलं, "पुढं बसून कसं वाटतंय हो?"

"बसून बघ की."

पद्माबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. तात्या टपाकडं बघत होते. पद्माबाईंनी रिकामा तांब्या त्यांच्या हातात दिला. मी खाली उतरलो. निऱ्या सावरत, दाराला धरून, त्या वर चढल्या आणि सीटवर टेकल्या. दार लावून घेतलं. मग समोरच्या काचेतून रस्त्याकडं बघत म्हणाल्या, "चला."

"कुठं?" बाईंनी विचारलं.

"कुठंबी."

मी घाईनं मागच्या हौद्यात चढलो आणि केबिनच्या टपाला धरून उभा राहिलो. टप उन्हानं तापला होता. गाडी सुरू झाली तसे तात्या तांब्या घेऊन चार पावलं गाडीच्या मागं आले. "अगं, कुठं निघालीस?" ते ओरडले. पुढं कुणीतरी खिडकीची काच खाली करत होतं, ती अडकत होती, मग एकदाची खाली गेली. पद्माबाईंचा बांगड्यांचा हात कोपरापर्यंत बाहेर आला आणि वाऱ्यावर आवाज आला, "जेवाण झाकून ठेवलंय!"